मेंढ्या, शीळ आणि कुत्रा

'बेब' हा १९९५ सालचा चित्रपट आपल्याकडेही अनेकांनी आवडीने पाहिला. डिक किंग-स्मिथ यांच्या १९८३ मधील बालकादंबरीवर बेतलेल्या या चित्रपटात डुकराचे एक पिल्लू मेंढ्या वळायला शिकते आणि ज्या स्पर्धेत फक्त कुत्र्यांनी उतरायचे, त्या स्पर्धेत उतरून बाजी मारते. डुक्कर काल्पनिक असले तरी स्पर्धा मात्र खरी आहे. तिला 'शीपडॉग ट्रायल' म्हणतात. डुक्कर मेंढ्यांशी अदबीने बोलते म्हणून मेंढ्या त्याचे ऐकतात, हा चित्रपटातील गमतीचा भाग; पण या खेळाचे मर्म जवळजवळ तेच आहे. जो मेंढीला घाबरवतो तो हरतो. या खेळात नव्याने पाऊल टाकणाऱ्याला हे पटायला बहुधा दोनतीन वर्षे लागतात आणि तोवर एखाद्या चांगल्या कुत्र्याचे मातेरे झालेले असते. तसे होऊ नये यासाठी प्रारंभीच काय समजून घ्यावे, याचा हा परिचय.

बालापासून जगापर्यंत

ब्रिटनमधील पहिली नोंदली गेलेली स्पर्धा उत्तर वेल्समधील बाला या गावाजवळ ९ ऑक्टोबर १८७३ रोजी झाली. रिचर्ड जॉन लॉइड प्राइस या जमीनदाराने ती भरवली होती. दहा कुत्री उतरली, सुमारे तीनशे माणसे पाहायला जमली आणि यजमान वेल्सचे. पण पहिला क्रमांक मात्र 'ट्वीड' नावाच्या, स्कॉटिश मालकाच्या कुत्र्याने नेला. पुढे १९०६ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंडच्या मेंढपाळांनी एकत्र येऊन 'इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटी' स्थापन केली. कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद आणि स्पर्धांचे नियम या दोन्ही बाबतींत याच संस्थेचा शब्द प्रमाण मानला जातो. १९७६ पासून बीबीसीवर 'वन मॅन अँड हिज डॉग' ही मालिका सुरू झाली आणि ज्यांनी जन्मात मेंढी हाताळली नव्हती अशी लक्षावधी शहरी माणसे दूरचित्रवाणीसमोर बसून हा संथ खेळ पाहू लागली. जागतिक स्पर्धा मात्र बऱ्याच उशिरा, २००२ मध्ये सुरू झाली. ती बालालाच भरली आणि या वेळी वेल्सच्याच अ‍ॅलेड ओवेन यांनी 'बॉब' या कुत्र्यासह ती जिंकली.

या स्पर्धेतील कुत्री बहुतांशी एकाच जातीची, बॉर्डर कॉली, असतात. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरील डोंगराळ प्रदेशात ती घडली. नॉर्थम्बर्लंडमधील अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे १८९३ मध्ये जन्मलेला 'ओल्ड हेम्प' हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. त्याचा बाप मोकळ्या, निर्धास्त स्वभावाचा होता. आई बुजरी, पण नजरेने मेंढीला खिळवून ठेवणारी. हेम्पमध्ये हे दोन्ही गुण उतरले. त्याआधीची कुत्री भुंकून, अंगावर धावून कळप हाकत. हेम्प मुकाट्याने, वाकून, नजर रोखून काम करी. तो १९०१ मध्ये मेला. पण त्याची संतती एवढी पसरली, की आजच्या जवळजवळ प्रत्येक बॉर्डर कॉलीच्या वंशावळीत मागे कोठेतरी त्याचे नाव सापडते.

पाच मेंढ्या, पंधरा मिनिटे

स्पर्धेचे स्वरूप वरवर सोपे दिसते. मैदानाच्या एका टोकाला एक खुंट रोवलेला असतो. कुत्र्याला चालवणारी व्यक्ती, म्हणजे हँडलर, त्या खुंटाशी उभी राहते. दुसऱ्या टोकाला, राष्ट्रीय दर्जाच्या स्पर्धेत सुमारे चारशे यार्डांवर, पाच मेंढ्या सोडलेल्या असतात. कुत्र्याने त्या आणायच्या, ठरलेल्या मार्गाने फिरवायच्या, त्यांतून काही वेगळ्या काढायच्या आणि शेवटी वाडग्यात घालायच्या. वेळ साधारण पंधरा मिनिटे. साधन म्हणाल तर आवाज, शिट्टी आणि हातातली काठी.

गुण मात्र बारकाईने मोजले जातात, आणि तेही मिळवायचे नसतात, तर राखायचे असतात. प्रत्येक कुत्रा पूर्ण गुण घेऊनच मैदानात उतरतो आणि जसजशी चूक होईल तसतसे ते कापले जातात. पहिला टप्पा 'आउटरन'चा, वीस गुणांचा. कुत्र्याने मेंढ्यांकडे सरळ धावत जायचे नाही. नासपतीच्या आकाराचा मोठा वळसा घेत, त्यांना न बिथरवता त्यांच्या मागे पोहोचायचे. दुसरा टप्पा 'लिफ्ट', म्हणजे मेंढ्या जागच्या हलण्याचा क्षण. हा टप्पा काही सेकंदांचाच. पण त्याला दहा गुण आहेत आणि अनुभवी परीक्षक याच क्षणी कुत्र्याची खरी पारख करतात. मेंढ्यांनी मान वर केली, कुत्र्याकडे पाहिले आणि शांतपणे वळून चालू लागल्या, तर पुढची सारी वाट सुकर होते. त्या दचकून उधळल्या, तर उरलेली चौदा मिनिटे त्यांची समजूत काढण्यात जातात.

मग 'फेच', वीस गुण. सात यार्ड रुंदीच्या दोन फाटकांमधून कळप सरळ रेषेत हँडलरकडे आणायचा. त्यानंतर 'ड्राइव्ह', तीस गुण. येथे कळप हँडलरपासून दूर न्यायचा असतो आणि यातच नवख्यांची दमछाक होते. कारण मेंढ्या धन्याकडे आणणे हा कॉलीचा उपजत स्वभाव आहे. त्या धन्यापासून लांब नेणे तिच्या रक्ताविरुद्ध आहे. ती निव्वळ विश्वासावर ते करते. अखेरीस चाळीस यार्ड व्यासाच्या वर्तुळात मेंढ्यांचे दोन भाग करणे, दहा गुण. आणि वाडग्यात घालणे, दहा गुण. वाडग्याच्या दाराला सहा फुटांची दोरी असते. ती हँडलरने हातात धरायची आणि काम संपेपर्यंत सोडायची नाही. राष्ट्रीय स्पर्धेत यावर आणखी एक मेंढी एकटीच वेगळी काढण्याचे दहा गुण असतात. कुत्र्याने विनाकारण मेंढीला दात लावला, तर तेथेच स्पर्धा संपते.

सर्वोच्च आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तर दहा-दहा मेंढ्यांचे दोन कळप वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करायचे असतात. पहिला कळप आणून ठेवल्यावर कुत्र्याला 'मागे वळ, अजून एक कळप आहे' असे सांगायचे. त्याला तो दिसत नसतो. हँडलरच्या शब्दावर तो पाठ फिरवतो आणि डोंगराकडे धाव घेतो. हे दृश्य ज्याने पाहिले, त्याला या खेळाचे वेड का लागते हे निराळे सांगावे लागत नाही.

आधी मेंढी, मग कुत्रा

नवख्याचा पहिला प्रश्न 'कुत्रा कोठे मिळेल?' हा असतो. तो चुकीच्या टोकाकडून सुरू केलेला आहे. या खेळात प्रथम मेंढी शिकावी लागते.

मेंढीच्या डोळ्यांना जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. केवळ पाठीमागचा एक अरुंद पट्टा तिच्या दृष्टीआड असतो. प्रत्येक मेंढीभोवती एक अदृश्य कुंपण असते. कुत्रा त्याच्या बाहेर असेल तर ती नुसती पाहत राहते. कडेशी आला की ती चालू लागते. आत घुसला की पळते किंवा उलटून उभी राहते. या कुंपणाचा घेर ठरलेला नाही. डोंगरावरच्या, माणसाची सवय नसलेल्या मेंढीचा मोठा, तर शेतावर रोज कुत्र्याखाली वावरणाऱ्या मेंढीचा अगदी लहान. शिवाय मेंढ्यांना नेहमी कोठेतरी जायचे असते, म्हणजे जेथून आणल्या तेथे, चाऱ्याकडे किंवा सोबतिणींकडे. त्या ओढीची दिशा ओळखून कुत्र्याला आधीच त्या बाजूला ठेवणे, ही हँडलरची निम्मी विद्या आहे. जुन्या माणसाच्या आज्ञा अर्धा सेकंद आधी सुटतात. नवख्याच्या अर्धा सेकंद उशिरा. फरक तेवढाच, पण तो भरून निघायला हंगामामागून हंगाम जातात.

म्हणून चांगला सल्ला हा, की पहिला हंगाम कुत्र्याशिवाय घालवावा. ब्रिटनमध्ये गावोगावच्या स्पर्धा स्वयंसेवकांच्या बळावर चालतात आणि मैदानाच्या दूरच्या टोकाला मेंढ्या सोडण्याच्या कामाला माणसे नेहमीच कमी पडतात. हे काम मागून घ्यावे. दिवसभर पावसात उभे राहावे लागते, ही गोष्ट खरी. पण पन्नास कुत्री मेंढ्यांच्या मागे कशी येतात आणि त्याच कळपातल्या मेंढ्या एका कुत्र्याला पाहून शांत चालतात, तर दुसऱ्याला पाहून का उधळतात, हे तेथून जसे दिसते तसे प्रेक्षकांच्या दोरीपलीकडून दिसत नाही. लीड्स किंवा मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना यॉर्कशायरचे डोंगर काही फार दूर नाहीत. शनिवारची एखादी फेरी तिकडे काढायला हरकत नाही.

कुत्रा कोणता?

पिल्लू आणावे की शिकलेला कुत्रा? भावना पिल्लाच्या बाजूने असते, शहाणपण मात्र प्रौढ कुत्र्याच्या बाजूने. नवशिका माणूस आणि नवशिके पिल्लू ही जोडी म्हणजे दोन आंधळ्यांनी एकमेकांचा हात धरून घाट चढण्यासारखे आहे. याउलट आठनऊ वर्षांचा, मोठ्या स्पर्धांतून निवृत्त झालेला कुत्रा हा उत्तम गुरुजी असतो. हँडलरची आज्ञा चुकली तरी तो मेंढ्या सांभाळून घेतो. आणि कधीकधी थांबून मागे वळून असा काही पाहतो, की आपले चुकले हे सांगायला माणसाची गरज उरत नाही.

शिकलेल्या तरुण कुत्र्यांच्या किमती मात्र छाती दडपवणाऱ्या आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये वेल्समधील लिलावात 'किम' नावाची वर्षभराची कुत्री अठ्ठावीस हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली. हा अपवाद झाला. सर्वसाधारण कुत्रा याच्या अल्पांशात मिळतो. तरीही हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण मेंढपाळाच्या दृष्टीने कुत्रा ही हौस नसून चारपाच मजुरांचे काम करणारा गडी आहे, हे त्यावरून कळते.

पिल्लूच घ्यायचे असेल, तर आईबाप प्रत्यक्ष मेंढ्यांवर काम करताना पाहावेत. बक्षिसांच्या फिती पाहून भुलू नये. ब्रिटिश केनेल क्लबने १९७६ मध्ये बॉर्डर कॉलीला प्रदर्शनासाठी मान्यता दिली. तेव्हापासून रूपासाठी आणि कामासाठी अशा दोन वेगळ्या वाटा पडत गेल्या. दिसायला देखणे पिल्लू मेंढी पाहून शेपूट हलवत बसण्याची शक्यता असते. या जातीत डोळ्यांचे काही आनुवंशिक विकार आढळतात. म्हणून आईबापांच्या नेत्रतपासणीचे दाखले मागावेत. राष्ट्रीय स्पर्धांत उतरायचे तर सोसायटीकडील नोंदणी लागते. वंशावळ ठाऊक नसलेल्या कुत्र्याचीही केवळ कामाच्या गुणवत्तेवर नोंदणी होऊ शकते, ही या संस्थेची एक लोभस परंपरा म्हटली पाहिजे.

पहिले धडे

पिल्लाला तीनचार महिन्यांचे असतानाच मेंढ्यांत सोडण्याचा मोह आवरावा. एखाद्या तापट मेंढीने एकदा का ढुशी देऊन त्याला तुडवले, की ते धास्तावते आणि ही धास्ती पुष्कळदा जन्मभर जात नाही. मेंढ्यांना वळसा घालण्याइतका वेग पायांत आला, म्हणजे साधारण आठ ते बारा महिन्यांचा झाला, की खरे शिक्षण सुरू करावे. तोवर हाक मारताच येणे आणि सांगताक्षणी आडवे पडणे, एवढे घरी पक्के करून घ्यावे. ज्याला चहाच्या टेबलाजवळ थांबवता येत नाही, तो कुत्रा मेंढ्यांसमोर थांबेल ही आशा व्यर्थ.

पहिल्या धड्यासाठी लहानसे कुंपण आणि कुत्र्याला सरावलेल्या सहासात मेंढ्या असाव्यात. घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणावी. मध्यभागी मेंढ्या, सहाच्या आकड्यावर आपण. चांगल्या रक्ताचे पिल्लू न शिकवता बाराच्या आकड्यावर जाऊन उभे राहते. आपण चारवर सरकलो, की ते दहावर सरकते. मेंढ्या दोघांच्या मध्ये राहतात. यालाच 'बॅलन्स' म्हणतात आणि पुढचे सारे शिक्षण याच एका उपजत समजुतीवर उभे असते. ते जेव्हा घड्याळाच्या दिशेने फिरत असते, तेव्हाच 'कम-बाय' म्हणावे; उलट फिरते तेव्हा 'अवे'. म्हणजे कृती आधी घडते, शब्द तिला मागून चिकटतो. आपण उलटे करायला जातो, शब्द ओरडतो आणि कृतीची वाट पाहतो. मग आवाज चढतो, कुत्रा गोंधळतो आणि मेंढ्या कुंपणावर आदळतात. 'उजवीकडे-डावीकडे' असे शब्द येथे का वापरत नाहीत, हेही यावरून ध्यानात येईल. कुत्रा समोर असला की त्याची उजवी बाजू आपली डावी होते. घड्याळाचा काटा मात्र दोघांना सारखाच.

दहा मिनिटांचा धडा पुरे. पिल्लू दमण्याआधी, आणि मुख्य म्हणजे मेंढ्या धापा टाकू लागण्याआधी थांबावे. मेंढीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा. गाभण मेंढ्यांवर नवखा कुत्रा सोडणे म्हणजे शेतकऱ्याचे वर्षभराचे उत्पन्न पणाला लावणे होय. ज्याच्या मेंढ्या तो कुरणाचा धनी. त्याने 'आज नको' म्हटले की विषय संपला. कुत्र्याला वेळोवेळी जंताचे औषध देणे हाही याच शिष्टाचाराचा भाग आहे, कारण कुत्र्याच्या विष्ठेतून काही जंतांचा संसर्ग मेंढ्यांना होतो. रस्त्याने जाता जाता दुसऱ्याच्या कुरणात 'जरा पाहू या' म्हणून कुत्रा सोडणे तर सर्वस्वी निषिद्ध. इंग्लंड व वेल्समध्ये पाळीव जनावरांना कुत्र्यांपासून संरक्षण देणारा कायदा १९५३ पासून आहे आणि विशिष्ट परिस्थितीत कळप वाचवण्यासाठी शेतकऱ्याने कुत्र्याला गोळी घातली, तर १९७१ च्या कायद्याने त्याला बचाव मिळतो.

वर्ष-दीड वर्षाच्या मेहनतीनंतर 'नर्सरी' स्पर्धांत उतरता येते. तरुण कुत्र्यांसाठी हिवाळ्यात भरणाऱ्या या छोट्या स्पर्धा असतात. मैदान लहान, मार्ग सोपा. त्यानंतर 'नॉव्हिस', मग 'ओपन'. ओपनमध्ये नवखा आणि राष्ट्रीय विजेता एकाच खुंटाशी उभे राहतात; हँडिकॅप वगैरे काही नसते.

आपल्याकडे

ही कुत्री आता पुण्यामुंबईच्या सदनिकांतही दिसू लागली आहेत आणि येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. दिवसभर डोंगर तुडवण्यासाठी शतकभर निवडून घडवलेला हा प्राणी दोन खोल्यांत कोंडला, की तो स्वतःचे काम स्वतःच शोधतो. सायकली वळतो, मुलांच्या टाचा चावतो, भिंतीवरच्या सावल्यांमागे तासन् तास लागतो. मालकाला तो वेडा वाटतो. वस्तुतः तो बेकार असतो.

मग त्याला गावाकडे धनगरांच्या कळपात सोडावे काय? मुळीच नाही. दख्खनच्या पठारावरील मेंढपाळीची रीतच निराळी आहे. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे आणि पावसाआधी परतणारे आपले धनगर कळपाच्या पुढे-मागे स्वतः चालतात, हाकेने आणि शिळेने मेंढरे वळतात. त्यांची कुत्री वळणारी नसून राखणारी असतात. लांडग्यापासून वाडा सांभाळणे हे त्यांचे काम. अशा कळपासमोर वाकून, नजर रोखून येणारी कॉली ही मेंढरांच्या लेखी लांडगाच, आणि राखणीच्या कुत्र्यांच्या लेखीही. परिणाम काय होईल ते सांगायला नको. ब्रिटिश कळप पिढ्यान् पिढ्या या नजरेला सरावले आहेत, म्हणून तेथे हा खेळ उभा राहिला.

आपल्या शहरांतील कॉलीवाल्यांना त्यातल्या त्यात जवळची वाट म्हणजे 'अ‍ॅजिलिटी', अर्थात अडथळ्यांची शर्यत, किंवा आज्ञापालनाच्या चाचण्या. अ‍ॅजिलिटीचा जन्म १९७८ मध्ये लंडनच्या 'क्रफ्ट्स' प्रदर्शनात, दोन कार्यक्रमांमधील वेळ भरून काढण्यासाठी झाला. आज तो जगभर पसरलेला स्वतंत्र खेळ आहे. त्यासाठी मेंढ्या लागत नाहीत आणि मोकळे मैदान, थोडी साधने व रोजचा एखादा तास एवढ्यावर निभते. चेन्नईस्थित केनेल क्लब ऑफ इंडियाच्या छत्राखाली आज्ञापालनाच्या चाचण्या होतात. तेथेही आरंभ हाक, थांबणे आणि धीर यांनीच होतो.

ज्याला प्रत्यक्ष मेंढ्यांवरच काम करायचे आहे, त्याने पहिल्या स्पर्धेआधी एक शब्द शिकून ठेवावा, 'रिटायर'. मेंढ्या उधळल्या, कुत्रा ऐकेनासा झाला, तर हँडलरने स्वतःहून हात वर करून काम थांबवायचे असते. यात कमीपणा मानत नाहीत. मैदानभर मेंढ्यांची पळापळ चालू ठेवणाऱ्याकडे मात्र लोक वळून पाहतात. थांबल्यावर कुत्र्याला जवळ घ्यायचे, मेंढ्या शांतपणे बाहेरच्या वाडग्यात नेऊन सोडायच्या, फाटकाची कडी लावायची, कुत्र्याला पाणी दाखवायचे आणि पुढच्या हँडलरसाठी खुंट मोकळा करायचा.